बांबूचा परवाना आणि ग्रामसभेचा नकार

मित्रहो, आपल्या जंगलात खाण येणार असेल तर आदिवासी गावाच्या ग्रामसभेला नकाराचा अधिकार आहे की नाही, हा आजचा विषय आहे. आदिवासीबहुल ‘अनुसूचित क्षेत्रां’साठीची राज्यघटनेची पाचवी अनुसूची, त्या क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि जंगलावरचे आदिवासींचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा या सभागृहाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र मूळ मुद्द्याआधी मला मेंढा-लेखाच्या बांबूविषयी बोलू द्या, कारण शासन आणि गाव यांच्यातील नाते त्या प्रकरणाइतके उघडपणे मला अन्यत्र दिसलेले नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील हे लहानसे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा येथलीच. गावाचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि सभेआधी अभ्यास गटात कायदा वाचला जातो. आपल्या विधिमंडळांनीही ही शिस्त पाहावी, असे मला मनापासून वाटते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने बांबू विकायचे ठरवले, तेव्हा वनविभागाने वाहतूक परवाना देण्याचे नाकारले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडांत धरले होते; उलट २००६ च्या कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारे जंगलाचे उत्पादन, म्हणून स्पष्ट नोंदवला होता. संसदेचा नंतरचा कायदा गावाच्या बाजूने असूनही व्यवहार जुन्याच कायद्याने चालत होता. हक्कपत्र हाती होते, बांबू तोडता येत होता, पण परवान्यावाचून भरलेली गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. कायद्याने आधीच दिलेल्या गोष्टीसाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, याचा मला आजही संताप येतो. परवाना देण्याची ग्रामसभेची व्यवस्था नियमांत आली ती २०१२ मध्ये, आणि १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. जंगलातल्या बांबूवरचा हक्क मान्य झाला, पण त्या जंगलाखालच्या खनिजाचे काय? पेसाने वाळू-दगडासारख्या गौण खनिजांसाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली. लोहखनिजासारख्या मुख्य खनिजाला ती तरतूद लागू नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमती आवश्यक ठरवली, परंतु वनजमीन खाणीसाठी वळती होते तेव्हा ती आधीच शासनाची धरली जात असल्याने तेथे भूसंपादन होतच नाही. अशा वेळी ग्रामसभेच्या संमतीचा आधार होता तो ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाचा, आणि परिपत्रक बदलायला संसद लागत नाही. ओडिशातील नियमगिरी डोंगरांत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार टिकला खरा, पण प्रत्येक गावाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येत नाही. म्हणून ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय वनजमीन वळती करण्याचा कोणताही आदेश अवैध ठरेल, असे वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे.