डॉजर्सची घरची मैदाने

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील डॉजर्स हा बेसबॉल संघ आज लॉस एंजलिसचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ घर न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन. तेथील एबेट्स फील्ड हे मैदान 1913 साली सुरू झाले आणि 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन याच मैदानावर उतरले, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचे, अनेक दशके बंद असलेले दार उघडले. मैदान मात्र लहान होते, मोटारी उभ्या करायला जागा नव्हती आणि मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्ये हवी ती नवी जागा मिळाली नाही. 1957 चा हंगाम संपला आणि संघाने ब्रुकलिन सोडले. पुढे एबेट्स फील्ड पाडून तेथे राहत्या इमारती बांधण्यात आल्या. मैदान पाडले की त्या वस्तीच्या संध्याकाळीच हिरावल्या जातात, असे मला मनापासून वाटते.

लॉस एंजलिसमध्ये 1958 ते 1961 असे चार हंगाम डॉजर्स कोलिझियममध्ये खेळले. कोलिझियम बेसबॉलसाठी बांधलेले नव्हते. 1932 च्या ऑलिंपिकचे ते मुख्य स्टेडियम. त्या लांबट मैदानात बेसबॉल बसवताना डावीकडची सीमा फलंदाजापासून अवघ्या 251 फुटांवर आली, म्हणून तेथे सुमारे 40 फूट उंच जाळी उभारावी लागली. 1959 च्या वर्ल्ड सिरीजमधील, म्हणजे हंगामाच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेतील, तेथल्या तिन्ही सामन्यांना प्रत्येकी 92 हजारांहून अधिक प्रेक्षक होते. 92 हजार माणसे! मागच्या रांगांतल्या प्रेक्षकांना मैदानात नेमके काय चालले आहे, ते कळणेही अवघड.

म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. सामना डोळ्यांसमोर आणि कानाशी रेडिओ! समालोचक होते विन स्कली. एकदा खेळ रेंगाळला असताना, पंच फ्रँक सेकोरी यांचा त्या दिवशी वाढदिवस असल्याचे स्कली यांच्या लक्षात आले. त्यांनी श्रोत्यांना सुचवले, की मी तीन आकडे मोजतो आणि मग सर्वांनी मिळून फ्रँक यांना शुभेच्छा द्यायच्या. स्कली यांनी एक, दोन, तीन म्हटले, ते केवळ रेडिओवर. स्टेडियमच्या ध्वनिक्षेपकावरून एक शब्दही उमटला नव्हता. तरीही हजारो कंठांतून ‘हॅपी बर्थडे, फ्रँक!’ असा एकच गजर झाला आणि मैदानात उभे असलेले सेकोरी चकित झाले. आजच्या स्टेडियमांतले भव्य पडदे सारे काही दाखवतात, परंतु पडद्याला अशी हाक देता येत नाही.

10 एप्रिल 1962 रोजी लॉस एंजलिसमधीलच शावेझ रव्हीन या भागातील नव्या डॉजर स्टेडियममध्ये पहिला सामना झाला. तेथे पूर्वी प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. सार्वजनिक घरबांधणीच्या नावाखाली शहराने ती हटवली, ती योजना बारगळली आणि जागा अखेर संघाकडे गेली. उरलेल्या कुटुंबांना 1959 मध्ये पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले. स्टेडियमचे गुणगान करताना ही कुटुंबे वगळणे मला मान्य नाही.

डॉजर्स आजही तेथेच खेळतात. स्कली यांनी 2016 साली, 67 हंगामांच्या सेवेनंतर निवृत्ती घेतली आणि स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले.