"बसतंय की!": जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल फिल्टरची गोष्ट

(पडदा काळा. आधी फक्त आवाज, हॅक्सॉ ब्लेडनं पत्रा कापल्याचा.)

हा आवाज ऐकायलाव ना, हे एका ऑइल फिल्टरचं पोस्टमार्टम चालूय. परभणीच्या बाहेर जिंतूर रोडला एक गॅरेज आहे, बोर्ड कधीचाच वाऱ्यानं उडालाय, लिंबाचं झाड हीच खूण, आणि त्या झाडाखाली चाचा मिस्तरी बसतात. आजूबाजूच्या गावातले सगळे म्हातारे ट्रॅक्टर ह्यांच्याकडं येतात. नवीन ट्रॅक्टरला चाचा हात लावत नाहीत असं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं की मन लागत नाही.

चाचांची एक सवय आहे. काढलेला फिल्टर फेकायचा नाही. डबा असला तर कापायचा, नुसतं एलिमेंट असलं, म्हणजे वाटीत बसणारी कागदी गाळणी, तर त्याचा कागद सोडवायचा, जुन्या पेपरवर पसरायचा आणि घडी न घडी उन्हात धरून बघायची. पितळेसारखी चमचम दिसली तर कुठला तरी बुश खाल्लाय, राखाडी चमक असली तर क्रँकची बेअरिंगं बोलायलीत, आणि लोखंडाचा कीस आहे का हे बघायला वरच्या खिशात एक चुंबक कायम, जुन्या स्पीकरातून काढलेलं.

(क्लोजअप. कागदाच्या घड्या, काळी बोटं.)

आता हा तुम्हाला दिसतोय तो दुसरा फिल्टर, एलिमेंटचा. लाल रंगाच्या मॅसी पस्तीसमधून, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरमधून निघालेला, दीडशे-दोनशे तास चाललेला, आणि कागद बघा, जवळजवळ कोराच. मालक शेजारी उभा होता, खूश झाला. म्हणला, "बघा चाचा, इंजन किती क्लीन चालायलंय."

चाचा काही हसले नाहीत. म्हणले, "फिल्टर साफ आहे म्हंजे ऑइल ह्याच्यातून गेलंच नाही, बेटा."

ह्या एका वाक्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन तीन वेळा तिथं गेलो.

(म्युझिक. शेत, सकाळ, दूरवर ट्रॅक्टर.)

आधी थोडं मागं जाऊ. आपल्याकडं ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९-६० पासून, फरीदाबादला आयशरनं सुरुवात केली. १९६० ला मद्रासमध्ये टॅफे आली, १९६३ ला महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरला सोबत घेऊन कंपनी काढली, तिथून बी-२७५ आला. १९७१ ला पिंजोरला एचएमटीनं झेकवाल्या झेटर कंपनीचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर काढले, १९७४ ला पंजाबातून स्वराज. म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या रानात जे पहिले ट्रॅक्टर उतरले त्यांचं मूळ इंग्लंड, जर्मनी, झेकोस्लोव्हाकिया, रशिया असं कुठं कुठं. आता विचार करा, इंग्लंडवाल्याचे आटे इंचात, झेकवाल्याचे मिलिमीटरमध्ये, आणि पन्नास वर्षांनी ह्या सगळ्यांना फिल्टर मिळणार कुठं, तर मोंढ्यातल्या एकाच दुकानात, एकाच फळीवर.

आणि सोव्हिएत काळातल्या बेलारूस ट्रॅक्टरची तर गंमतच. त्याच्या एमटीझेड-५० च्या इंजिनात ऑइल साफ करायला कागद नाहीच, त्यात फिरकी असते. ऑइलच्या प्रेशरनंच ती गरगर फिरते आणि घाण आतल्या भिंतीला जाऊन चिकटते, थापल्यासारखी. ती लाकडाच्या काडीनं खरवडायची, धुवायची, परत बसवायची. इंजन बंद केल्यावर थोडा वेळ ती फिरकी घुंऽऽ करत राहते, आणि तो आवाज आला नाही तर समजायचं की फिरकी जाम आहे. ज्यांच्याकडं असा ट्रॅक्टर आहे आणि जे दुकानात जाऊन फिल्टर द्या म्हणतात, त्यांना दुकानदार काय देत असेल हा मला पडलेला प्रश्न आहे.

बरं, पस्तीसवर येऊ परत.

पहिली चूक इथंच होते. दुकानात जाऊन आपण काय म्हणतो? "पस्तीसचा फिल्टर द्या." पण पस्तीस म्हणजे कुठला पस्तीस? इंग्लंडात हा ट्रॅक्टर निघाला तेव्हा डिझेलला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३सी इंजिन होतं, थंडीत चालू करताना नाकी नऊ आणायचं म्हणून बदनाम झालेलं. पुढं १९५९ च्या शेवटाला त्याच ट्रॅक्टरला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ३.१५२ बसवलं. तीन म्हणजे सिलिंडर आणि १५२ म्हणजे घन इंच, आपल्या हिशोबानं अडीच लिटर. बॉनेट सारखंच, नाव सारखंच, इंजिन दुसरं आणि फिल्टरही दुसरा.

आपल्याकडं तर त्याच्यावर अजून कडी. किती ट्रॅक्टरांची इंजिनं बदललीत कुणाला ठाऊक. जालन्याच्या भंगारातून एखादं चांगलं इंजिन उचलायचं, नाहीतर ते जायचंच होतं भट्टीत सळई व्हायला, आणि आपल्या चेसिसवर चढवायचं. काही वावगं नाही त्यात. पण मग बॉनेटवरचं नाव बघून फिल्टर आणायचा नसतो. चाचा काय करतात तर तारेचा ब्रश घेऊन इंजिनच्या बाजूला खरवडतात, तेल आणि मातीचा थर निघतो, खाली नंबर दिसतो, तो खडूनं फरशीवर लिहितात. मग फिल्टरच्या हेडवर, म्हणजे इंजिनला पक्क्या असलेल्या वरच्या भागावर, ओतीव अक्षरं असतात ती वाचतात. आणि मग मोबाईलवर फिल्टर कंपन्यांचे कॅटलॉग, एकाचा नंबर दुसऱ्या कंपनीत कुठला लागतो ते बघायला. साठी ओलांडलेला माणूस आहे, पण क्रॉस रेफरन्स हा शब्द एकदम सहज बोलतात, "किरास" म्हणतात त्याला.

(व्हर्नियर कॅलिपर हातात. एलिमेंट उभं ठेवलेलं.)

नंबर सापडला नाही तर मग हे. व्हर्नियर. नवीन एलिमेंटची उंची, बाहेरचा व्यास, आणि भोकं, दोन्ही टोकांची वेगवेगळी मोजायची कारण काही एलिमेंटांना वरचं भोक मोठं आणि खालचं बारीक असतं. त्या कोऱ्या फिल्टरचं कारण इथंच निघालं. मालकानं आणलेलं एलिमेंट सहा मिलिमीटरनं बुटकं होतं. आता सहा मिलिमीटर म्हणजे किती, करंगळीच्या नखाएवढं पण नाही. पण एलिमेंट ज्या लोखंडी वाटीत बसतं त्या वाटीत खाली एक स्प्रिंग असते, तिच्यावर वायसर, आणि ती स्प्रिंग एलिमेंटला वर हेडवर दाबून धरते, म्हणजे ऑइलला कागदातूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. एलिमेंट बुटकं पडलं की स्प्रिंगचा दाब पोचत नाही, वर फट राहते, आणि ऑइल काय येडं आहे का कागदातून घुसायला, ते फटीतून सरळ जातं. बाहेरून सगळं टाइट. एक थेंब गळत नाही. ऑइल प्रेशरच्या गेजचा काटा पण बरोबर. आणि आत दोनशे तास माती फिरायलीय बेअरिंगमधून.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणणार, बसतंय की.

अजून एक गोष्ट चाचांनी दाखवली ती मला माहीतच नव्हती. वाटीवाल्या फिल्टरच्या हेडला, वाटीची कड टेकते तिथं, एक गोल खाच असते, त्यात रबराची रिंग. ती रिंग उष्णतेनं इतकी कडक होते की लोखंडच वाटतं, बोट फिरवलं तरी कळत नाही. मग लोक काय करतात, नवीन एलिमेंटसोबत आलेली रिंग तिच्यावरच बसवतात. एकावर एक. चाचांनी गोधडी शिवायचा दाभण घेतला, खाचेत घातला, आणि एक काळी रिंग तुकड्यातुकड्यानं बाहेर आली. म्हणलं झालं. चाचांनी परत दाभण घातला. अजून एक रिंग. त्या ट्रॅक्टरच्या खाचेतून एकूण तीन निघाल्या! तीन वेळा ऑइल बदलल्याचा पुरावाच म्हणा.

(ट्रॉलीत ऊस. रस्ता. संध्याकाळ.)

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्याकडं पण पस्तीसच, आणि आमच्या काकांनी त्याची वाटी काढून डबा फिल्टरचं अॅडॉप्टर बसवलं होतं, कारण डबा कसा, फिरवला की निघाला, फिरवला की बसला, हात घाण होत नाहीत. आयडिया चांगलीच आहे, मी नाव ठेवत नाही. तर हंगामात ऑइल बदलायचं होतं, काकांनी एका दुकानातून डबा आणला, दुकानाचं नाव कशाला, आणि लावला. लावताना म्हणले सुद्धा, "लई हलका फिरायलाय रे हा." पण बसला. टाइट झाला. रबर टेकलं.

ट्रॉली भरून कारखान्याकडं निघाले. मागून एक मोटारसायकलवाला ओरडत आला, "ओ काका, ऑइल सांडायलंय, ऑइल!" इंजिनच्या आणि ट्रॉलीच्या आवाजात ऐकू कुठं येतंय. त्यानं पुढं येऊन हात केला तेव्हा थांबले. मागं बघितलं तर रस्त्यावर काळा पट्टा, आणि डबा गायब, तो नंतर सापडला मोरीपाशी. गेजचा काटा झोपलेला. इंजिन धरलं होतं. क्रँक ग्राइंडिंगला गेला आणि ट्रॅक्टर ऐन हंगामात महिनाभर चिंचेखाली.

झालं काय होतं ते चाचांनी दोन डबे शेजारी ठेवून सांगितलं. अॅडॉप्टरच्या स्टडचे, म्हणजे डबा ज्याच्यावर फिरवतात त्या खुंटीचे, आटे इंचातले, पाऊण इंच, एका इंचात सोळा आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. आणलेला डबा मिलिमीटरवाला, एम-२०, म्हणजे २० मिलिमीटरच्या स्टडसाठी, दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. उलटं असतं, म्हणजे बारीक डबा जाड स्टडवर, तर बसलाच नसता आणि काका वाचले असते. पण मोठा डबा बारीक स्टडवर बसतो. आटे नुसते टोकाटोकानं धरतात, हातानं टाइट लागतो, आणि मग चाळीस-पन्नास पौंडाचं प्रेशर आलं, इंजिन हाललं, की सुटलाच.

म्हणून कोरडा डबा आधी स्टडवर फिरवून बघायचा, रबर टेकायच्या आधी. टेकायच्या आधीच तो डुगडुग हालत असला तर परत दुकानात.

(सकाळ. धुकं. थंडी.)

परभणीची थंडी माहितीय ना, डिसेंबरात कधी कधी पारा पाच-सहावर येतो. अशा सकाळी जुना ४० ग्रेडचा ऑइल काकवीसारखा घट्ट. तो कागदातून जाईना, आणि बेअरिंगला तर लगेच पायजे. म्हणून एक झडप ठेवलेली असते, बायपास व्हॉल्व्ह, कागद अडवायला लागला की ती उघडते आणि ऑइल न गाळता पुढं जाऊ देते, कारण घाण ऑइल परवडलं पण कोरडं बेअरिंग नाही परवडत. आता ही झडप काही इंजिनांत हेडमध्येच असते आणि काहींत डब्याच्या आत. हेडमध्ये नाही आणि तुम्ही बिनझडपेचा डबा लावला, तर थंडीत एक तर आतला कागद चेपून फाटणार नाहीतर वर ऑइल उशिरा पोचणार. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, रंग पण तोच. डबा आडवा बसत असेल तर त्याच्या तोंडाशी आतून रबराची एक पाकळी पण हवी, नाहीतर रात्रभरात ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं आणि सकाळी चालू केल्यावर काटा उठायला वेळ लागतो, खडखड ऐकू येते.

अगदीच जुनं इंजिन असेल, चाळीस-पन्नासच्या दशकातल्या डिझाइनचं, तर पायपा बघा. फिल्टर वेगळा पट्टीवर टांगलेला आणि त्याला दोन बारीक नळ्या, एक येणारी आणि एक चेंबरकडं परत जाणारी, असं असलं तर त्यातून सगळं ऑइल जातच नाही, दहा टक्क्यांच्या आसपासच जातं आणि हळूहळू गाळून परत येतं. त्याचं एलिमेंट घट्ट विणीचं. तेच एलिमेंट आकार जुळतो म्हणून ब्लॉकला चिकटलेल्या, सगळं ऑइल गाळणाऱ्या फिल्टरमध्ये घातलं तर ते अडवणार आणि झडप कायमची उघडी. परत तेच, कोरा कागद.

आणि हो, ऑइल काळं पडलं म्हणून फिल्टरला शिव्या देऊ नका. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की कुठलाच कागद ती धरत नाही, नवीन ऑइल चार दिवसात काळं होणारच. बोटावर घेऊन चोळा, कचकच लागली तर मात्र एअर क्लीनरची वाटी उघडा, कारण माती तिकडून येते. उन्हाळ्याच्या नांगरटीत त्या वाटीतलं ऑइल बदलायचं अर्धे लोक विसरतात.

(गॅरेज. नवीन एलिमेंट वाटीत जाताना.)

तर त्या लाल पस्तीसला शेवटी बरोबर उंचीचं एलिमेंट मिळालं, दुसऱ्या दुकानात, धूळ खात पडलेलं. चाचांनी स्प्रिंग धुतली, वायसर कुठल्या बाजूनं ते दोनदा बघितलं, खाच कापडानं पुसली, नवी रिंग ऑइलमध्ये बुडवून बसवली, वाटीत निम्म्याच्या वर ऑइल ओतलं, मधला बोल्ट तांब्याच्या वायसरसकट आवळला. मग मालकाला सांगितलं स्टॉपचं बटण ओढून धर, आणि सेल्फ मारला. इंजिन चालू होऊ दिलं नाही, नुसतं फिरवलं. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा गेजचा काटा हालला. चाचांनी बटण सोडायला लावलं, इंजिन धडधडलं, आणि ते खाली बसून वाटीच्या कडेनं बोट फिरवत राहिले, बोट कोरडं आलं तरी परत एकदा फिरवलं. मग खडू घेतला आणि वाटीवर आजची तारीख आणि मीटरचे तास लिहिले.

मालक विचारतो, "आता कधी आणू?"

"पन्नास तासांनी. उघडून बघू," चाचा म्हणले. "काळा निघाला पायजे."