काळी मेंदी कशानं काळी होते?

सोलापुरातल्या मधला मारुती परिसरातली ही बाजारपेठ. लग्नसराईत इथं केसांच्या मेंदीच्या पाकिटांच्या माळा लटकतात. हे एक बघा. समोर हिरवी पानं, 'हर्बल', 'नैसर्गिक' आणि ठळक अक्षरांत 'काळी मेंदी'. अर्ध्या तासात केस काळेभोर.

आता घरची मेंदी आठवा. लोखंडी कढई, चहाचं पाणी, रात्रभर भिजवण, दोन-तीन तास डोक्यावर. एवढं करून रंग येतो तांबूस, फार तर गडद तपकिरी. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसांना धरतं आणि त्याचा रंग तांबडाच. काळं करायचं तर वरून निळीच्या पानांची पूड पुन्हा वेगळी लावावी लागते. चादरी-टॉवेलचं सूत रंगवत ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्या सोलापुरानं तरी विचारायला हवं, की अर्ध्या तासात हा काळा आला कुठून?

पाकीट उलटं करा. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत : पॅरा-फिनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी. हेअर डायमध्ये असतं तेच रसायन. डाय लावणारीला निदान ठाऊक असतं आपण काय लावतोय. मेंदी लावणारीला ते कळूच दिलं जात नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

माझी मावशी चार वर्षं असंच पाकीट वापरत होती. काहीच झालं नाही. पाचव्या वर्षी, लावल्यावर दोन दिवसांनी कपाळ सुजलं, डोळे मिटले. डॉक्टरांनी विचारलं, "डाय लावला होता?" ती म्हणाली, "डाय कुठला ओ, मेंदी लावलीय की!" पीपीडीचं असंच आहे. आधी काही होत नाही, पण एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की ॲलर्जी बहुधा जन्मभराची.

पीपीडी असलेल्या केशरंगाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्यानं सक्तीचं आहे : आधी त्वचेवर चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. तो इशारा शोधा. घरात आलंच असेल पाकीट, तर त्यावरच्या सूचनेप्रमाणे आधी थोडं लावून ४८ तास थांबा. खाज सुटली, लाल झालं, तर डोक्याला लावू नका.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरेल. पोरी हात पुढे करतील. पटकन काळी होणारी नक्षी कुणी काढून देत असेल, तर कोन हाताला लागण्याआधी विचारा, ह्यात काय घातलंय?