नातवाचा प्रश्न

मंडळी, यंदा पुण्यात, कोथरूडला भावाच्या घरी, नातवाला भारतीय हवाईदलाचे ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची गोष्ट सांगत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुण्यातच वारले, त्यावरून विषय निघाला. पोरानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, मग ते पाकिस्तानी काका चांगले ना?" त्यावर घरात जो वाद पेटला, तो जेवणाची ताटं उचलली तरी विझेना.

१० डिसेंबर १९७१, भारत-पाक युद्ध. परुळकरांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं, ते पकडले गेले. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकारी वैमानिकांसोबत त्यांनी भिंत पोखरली. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले, सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. १३ ऑगस्ट १९७२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिघे बाहेर पडले. बसनं पेशावर, पुढे खैबरखिंडीतलं लंडी कोटल. अफगाण सरहद्द अगदी जवळ आली होती! तिथे त्यांनी लंडी खानाची चौकशी केली. नकाशात ते स्टेशन होतं, पण १९३२ पासून बंद पडलेलं. लोकांना संशय आला, हे बांगलादेश झाल्यावर पाकिस्तानातून पळून चाललेले बंगाली असणार.

त्या मुलखात पुढे काहीही झालं असतं. परुळकरांनी आग्रह धरला, पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, उस्मान हमीद यांना फोन लावा. हेच पूर्वी त्यांच्या छावणीचे प्रमुख होते. हमीदांनी ओळख पटवली, आणि तिघांचा जीव वाचला. पुन्हा कैद झाली, पण १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघ्यावरून मायदेशी परतले.

ज्या माणसाला शत्रूच्या अधिकाऱ्याचं नाव भरवशानं घेता आलं, त्याच्या शौर्याला यानं उणेपणा येतो का? मला तर तो अधिकच मोठा वाटतो. पण त्या दिवशी निम्म्या घरानं पोराला गप्प केलं. रागावू नका, आपण मुलांसाठी चालवतो त्या बालवर्गातही हेच चालतं. शिवाजी महाराजांच्या आग्र्याच्या सुटकेचे पेटारे दरवर्षी, हौसेनं. परुळकर मात्र एकदाही नाहीत. आणि सांगितलेच, तर हमीदांना वगळून सांगू, हीच मला भीती वाटते.

नातवाच्या वर्गात लाहोरहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आहे. पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे राहायला येतोय. त्याच्यासमोर ही गोष्ट सांगायची की नाही, यावर घरात अजून दोन तट आहेत. नातू म्हणतो, सांगायचीच. सून म्हणते, नको.