दोन द्राक्षं, एक बाटली आणि आपला कळणा

नमस्कार श्रोतेहो. आज वाईनविषयी बोलणार आहे. गळ्यात माळ असलेल्यांनी रेडिओ बंद करू नका, माझं बोलणं शेताचंच आहे.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात, उसाच्या मुलखात, 'फ्रटेली' ही कंपनी वाईनची द्राक्षं पिकवते. फ्रटेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचं सेची, दिल्लीचं सेखरी आणि अकलूजचं मोहिते-पाटील, अशा तीन कुटुंबांनी २००७ साली ती सुरू केली. त्यांची उंची लाल वाईन म्हणजे 'सेत्ते'. सेत्ते म्हणजे सात. तीन घरांतले सहा जण आणि सातवे पिएरो मासी, इटलीतल्या टस्कनीहून आलेले वाईनचे जाणकार.

या एका वाईनमध्ये द्राक्षाच्या दोन जाती आहेत. सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों. नीट ऐका, दोन जाती. या दोनवरूनच आमच्या घरात मोठा वाद झाला होता.

आमचे मोठेबाबा अमळनेरकडचे, कपाशीचे शेतकरी. पहिल्या वेचणीच्या कापसात कवडी, म्हणजे किडका-डागाळ कापूस, मिसळलेली त्यांना खपायची नाही. व्यापारी गाडीच्या तळातून मूठ काढून बघतो आणि भाव पाडतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. एका जानेवारीत शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर ते सोलापूरकडच्या एका वाईनच्या बागेत गेले. तोडणी चालू होती. त्यांनी एक घड हातात घेतला. मणी करवंदाएवढे, साल जाड, आत बियाच बिया. मणी दाबला, तर रस पांढरा!

"मंग लाल रंग कोठे शे?" त्यांनी विचारलं.

बागेतल्या माणसानं साल बोटावर चोळून दाखवली. बोट जांभळं झालं. रंग सालीत असतो, श्रोतेहो, रसात नाही. म्हणून लाल वाईनचा रस सालींसकट आंबवतात. रंग सालीतला, तुरटपणाही सालीतला आणि बियांतला. इथवर मोठेबाबा खूश होते. मग तो माणूस म्हणाला, दोन जाती वेगवेगळ्या आंबवतो आणि नंतर एकत्र करतो.

मोठेबाबांनी घड खाली ठेवला. "हाई ते भेसळ शे!"

परतीच्या प्रवासात ते गप्पच. घरी आल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी पुन्हा तेच, भेसळ. मोठी माय भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "मंग कळना काय भेसळ शे का? त्यामा बी दोन धान्य शेतस."

मोठेबाबांच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याचीच भाकरी होती.

मग ती बोलत सुटली. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद, असं सगळेच सांगतात, पण दरसालची ज्वारी सारखी नसते. म्हणून ती आधी ओंजळभरच दळायची, एक भाकरी करून बघायची, चिरते का, चिकट होते का, आणि मगच चक्कीवर पायली धाडायची. (पाकिटातलं कळण्याचं पीठ मला आजही आवडत नाही. त्यात ही एक भाकरी कुणी केलेली नसते. आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही. त्याला कपाशीच्या काड्यांचा जाळच हवा. असो.)

वाईनवाले तेच करतात. छोट्या पेल्यांत थोडी ही, थोडी ती मिसळून चाखतात आणि मग पिंपांचं प्रमाण ठरवतात. सांजोवेजे टस्कनीचं द्राक्ष, त्याच्याकडून आंबटपणा येतो. काबर्ने फ्रान्समधल्या बोर्दोचं, जाड सालीचं, त्याच्याकडून रंग आणि तुरटपणा. पुढे वाईन ओकच्या लाकडी पिंपांत मुरते. गंमत म्हणजे काबर्ने स्वतःच काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन जातींचं लेकरू, १९९७ साली डीएनए तपासून ते सिद्ध झालं.

टस्कनीत थंडीत वेल झोपतो आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. आपल्याकडे वेलाला झोप नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. परदेशी वेल आपल्या हवामानाला असा जुळवून घेणाऱ्या शेतकऱ्याचं मला फार कौतुक वाटतं.

पुन्हा सांगतो, कोणत्या दोन जाती घातल्या हे सेत्तेवाले उघड सांगतात. कवडी मिसळणारा सांगतो का?

मोठेबाबांनी वाईन कधी चाखली नाही. कापूसही शेवटपर्यंत वेगवेगळाच बांधला. पण त्या वर्षापासून थंडी पडली, चक्कीला पोतं निघालं, की ते चुलीपाशी येऊन बसायचे, ती पहिली भाकरी स्वतः मोडायचे आणि विचारायचे, "यंदा उडीद कितला?"

नमस्कार.