दोन करवंट्या, एक खिडकी

(नाशिकमध्ये बालवाडीच्या शिक्षिका आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पाऊस ओसरला की मला विचारणा सुरू होते, 'लहान मुलांसाठी विज्ञानाचे सोपे प्रयोग सांगा ना.' मी उलट विचारते, घरी घट बसतात का? बसत असतील तर मांडणी तुमच्या आजीनं केलेलीच आहे. पत्रावळीवर काळी माती, तीत गहू, मधोमध पाझरणारं मडकं. पाणी झिरपत झिरपत मिळतं म्हणून दाणे कुजत नाहीत. दाण्याला पाण्याइतकीच हवा लागते. मातीत चिखल झाला की तो गुदमरतो. मोडाची मटकी फडक्यात बांधणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

पण देवीचा घट हलवायचा नसतो. मी एकदा पट्टी घेऊन देवघरात शिरले होते, तेव्हा सासूबाईंनी जे ऐकवलं ते इथे सांगत नाही. त्यांचं बरोबरच होतं. मुलांचे घट वेगळे करावेत.

दोन करवंट्या घ्या. डोळ्यांच्या बाजूच्या घेतल्या तर पाणी निघायला भोक पाडणं सोपं. दोन्हींत सारखी माती, दहा-दहा दाणे, रोज दोन-दोन चमचे पाणी. एक खिडकीत ठेवा, दुसरी तिच्याच शेजारी डब्याखाली झाका. फरक फक्त उजेडाचा. मुलं लाडानं एकीलाच जास्त पाणी घालतात आणि मग काय कशामुळे झालं ते कळत नाही. 'दोघींना सारखा खाऊ' म्हटलं की चार वर्षांच्या मुलालाही पटतं.

आठव्या दिवशी डबा उचलायचा, पण त्याआधी प्रत्येकाला विचारायचं, उंच कोण असेल? बहुतेक बोटं खिडकीतल्या करवंटीकडे जातात. निघतं उलटंच! डब्याखालचे कोंब उंच, पिवळट, लुकडे. इथे शिक्षिकांना समजावून सांगायची घाई होते. कृपा करून दोन मिनिटं गप्प बसा. एकदा एक पोरगा म्हणाला, "ते उजेड शोधायला पळत होते." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. दाण्यातल्या पिठाची शिदोरी कोंब लांब होण्यातच खर्च करतो आणि उजेडाशिवाय गव्हात हिरवा रंग तयार होत नाही. देवघरातले कोंब फिके असतात ते यामुळेच. डबा बाजूला ठेवा, दोन-तीन दिवसांत तेही हिरवे होतील.

खिडकीतले कोंब काचेकडे झुकतात, कारण सावलीची बाजू जास्त वाढते. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी कोवळ्या कोंबांची टोकं झाकून पाहिली, तर ते वाकेनात. १८८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पान फुटायच्या आत टोकावर चांदीच्या कागदाची टोपी घातली तर मोठी मुलं हे घरी करू शकतात. छोट्यांच्या हातून कोंबच मोडतात, त्यांना नुसतं बघू द्या.

दुसरा प्रयोग आपल्या जिल्ह्याचाच. उन्हाळ कांदा चाळीत ठेवलेला असतो, त्याला या दिवसांत कोंब येऊ लागतात. असा एक कांदा वजन करून कोरड्या ताटलीत ठेवा. माती नाही, पाणी नाही. दर आठवड्याला पुन्हा वजन करा. कोंब वाढत जातो आणि वजन घटत जातं. थोडं पाणी उडून जातं, थोडं साठवलेलं अन्न श्वासात खर्च होतं. शेवटी कापून पाहिलात तर पाकळ्या सैल आणि पिचलेल्या. निफाडकडच्या शाळेत हे केलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणून पप्पा कोंबवाला कांदा बाजूला काढतात."

वजनासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक काटा मिळाला तर उत्तम. रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर हा फरक दिसणार नाही, आम्ही करून बसलोय.