पाकीट न फोडता पोस्टमनला काय काय कळतं

नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही, स्टॅटिस्टिक्स तर मला अजिबात झेपत नाही. टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, सब पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालो आणि आता एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन सुरू व्हायच्या आधी ते तपासणाऱ्या कमिटीवर, 'सामान्य माणूस' म्हणून बसतो. हसू नका, तशी जागाच असते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या गाईडलाइन्समध्ये कमिटीत ७ ते १५ मेंबर सांगितलेत, डॉक्टर, वकील, समाजशास्त्रवाला आणि एक आमच्यासारखा, ज्याचं काम एवढंच की संमतीपत्र वाचायचं आणि 'मला हे कळलं नाही' म्हणायचं. ते मी मन लावून करतो.

तुम्ही सगळी पीएचडीची मुलं, माहिती गोळा करणार, मग जर्नल म्हणणार डेटा द्या, गाईड म्हणणार रिपॉझिटरीत, म्हणजे इंटरनेटवरच्या डेटाच्या कोठारात, टाका. आणि तुम्ही कमिटीला लिहून देणार, 'नावं काढून टाकली आहेत'. प्रत्येक अर्जात हे एक वाक्य असतंच.

आता मी जिथून आलो तिथलं सांगतो. गावातला पोस्टमन पाकीट कधी फोडत नाही, पण त्याला सगळं ठाऊक असतं. मुंबईची मनीऑर्डर तीन महिने आली नाही म्हणजे पोराचं काम सुटलं. कोर्टाचा शिक्का म्हणजे भावाभावात जुंपली. एखाद्या घरी दर महिन्याला दवाखान्याचं पाकीट येतं, आत काय आहे ते बघायची गरजच नाही. नाव न वाचता, नुसत्या गाव, शिक्का आणि अक्षर एवढ्यावर तो माणूस ओळखतो. तर तुमच्या एक्सेल शीटमध्ये नावाचा कॉलम उडवला म्हणजे काय केलंत, तर पाकीट बंद केलंत. पोस्टमन अजून गावातच आहे.

एक शीट आमच्याकडे आली होती, बायकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास, चांगला होता, काम मेहनतीचं होतं. मुलगा म्हणाला, सर नावं नाहीत, फोन नंबर नाहीत. मी सहज एक ओळ वाचली. वाडीचं नाव, वय ५२, विधवा, अंगणवाडी सेविका, आणि पुढे झोपेच्या गोळ्या, डिप्रेशन, घरात मारहाण झाली का तर हो, कोणी केली तर मुलाने. मी विचारलं, या वाडीत अंगणवाड्या किती रे? तो गप्प. एकच होती. बाईचं नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं.

आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्वदच्या दशकात सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी नावाची मुलगी तेव्हा तिथल्या एमआयटी विद्यापीठात शिकत होती, तिने तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहायचे. त्यांच्या जन्मतारखेचे यादीत ६ जण, त्यात पुरुष ३, आणि त्यांच्या झिप कोडात, म्हणजे तिकडच्या पिनकोडात, एकटे तेच. झालं, गव्हर्नरसाहेबांचा दवाखान्याचा कागद हातात. पुढे तिने हिशोब मांडला की झिप कोड, जन्मतारीख आणि बाई की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतले ८७ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखू येऊ शकतात. आपला पिनकोड १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झाला, मी आयुष्यभर तो लोकांना लिहायला शिकवत आलो, आणि आता कमिटीत बसून म्हणतो की शेवटचे तीन आकडे खोडा. (जन्मतारखेचं मात्र आपल्या मास्तरांनी आधीच काम करून ठेवलंय, एका अख्ख्या पिढीची १ जून. ओळखून दाखवा.)

हे झालं ओळखण्याचं. संमतीचं दुखणं वेगळं आहे, तिथे ओळख पटो न पटो, पत्र भलत्याच पत्त्यावर जातं.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे, रस्ता नाही, टपाल अजूनही खेचरावरून जातं, म्हणून मला ते गाव जवळचं. तिथे हवासुपाई जमातीचे साडेसहाशेच्या आसपास लोक. त्यांच्यात डायबिटीस फार, तर १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००हून जास्त जणांचं रक्त घेतलं. लोक समजले डायबिटीससाठी. फॉर्मवर मात्र लिहिलेलं होतं वर्तनाच्या आणि वैद्यकीय विकारांची कारणं शोधण्यासाठी, आता यात काय बसत नाही हो? तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या अभ्यासाला वापरलं, नात्यातल्या लग्नांच्या अभ्यासाला वापरलं, आणि यांचे पूर्वज आशियातून आले हे दाखवायलाही वापरलं, जेव्हा ते लोक मानतात की आमचा जन्मच या दरीत झाला. त्यांना हे कळलं कधी, तर २००३ साली. जमातीतली कार्लेटा टिलूसी त्या युनिव्हर्सिटीत एका पीएचडीच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, जाऊन बसली आणि तिने उठून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? मग कोर्टकचेरी, आणि २०१० मध्ये तडजोड, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत.

सही होती बरं का त्या फॉर्मवर.

म्हणून मी प्रत्येक अर्जात एकच हट्ट धरतो, दोन प्रश्न वेगळे विचारा. या अभ्यासात भाग घेता का, हा एक. तुमची माहिती पुढे दुसऱ्यांना, कदाचित परदेशातल्यांना, देऊ का, हा दुसरा. आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्या बाईला पहिल्यातून हाकलायचं नाही. माघारीचंही खरं सांगा. आमच्याकडे डिलिव्हरी व्हायच्या आत अर्ज करून पत्र परत मागवता येतं, एकदा हातात पडलं की संपलं. डेटाचं तसंच आहे, इंटरनेटवर गेलेली फाईल कोण परत आणणार, तर 'कधीही माघार घेऊ शकता' असं छापून तिला फसवू नका, कधीपर्यंत ते लिहा.

तुमच्या मॅडम बघतायत माझ्याकडे, म्हणजे त्यांना वाटतंय हा माणूस सगळं कुलूपबंद करायला निघाला. नाही हो. एकाच पाड्यावर तीन संस्था जातात, त्याच म्हातारीच्या दंडाला तीनदा सुई टोचतात, तेच प्रश्न विचारतात, हे मी पाहिलंय. पहिल्याने नीट जपून दिलं असतं तर दुसऱ्याला जावंच लागलं नसतं. प्रश्न द्यायचं कसं हा आहे. पोस्टकार्डवर लिहून नाही, रजिस्टर एडीने. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्यावर मला बोलायला लावू नका.) घेणारा कोण, कशाला हवंय, सही करून घ्यायची, पोचपावती आपल्याकडे. जिनोम इंडिया या जनुकांच्या सरकारी प्रकल्पाचा १० हजार लोकांचा डेटा फरिदाबादच्या केंद्रात आहे, तिथेही अर्ज करून, अटी मान्य करूनच मिळतो.

आणि जुना डेटा, ज्यात शेअरिंगचं विचारलंच नव्हतं? लोक सापडत असतील तर परत जा. नसतील सापडत तर कमिटीकडे संमतीतून सूट मागा, कधी मिळते कधी नाही. आधी अपलोड करून मग अर्ज घेऊन येऊ नका, तसेही येतात.

त्या अंगणवाडीच्या शीटचं काय झालं ते राहिलं. मुलगा पुढच्या मीटिंगला आला, वाडीच्या जागी तालुका केला होता, ५२च्या जागी '५० ते ५९', मारहाण कोणी केली तो कॉलम बंद कप्प्यात. सगळे खूश. मी चष्मा लावून शेवटी टिपणं वाचली, तिथे त्याने बाईचे शब्द जसेच्या तसे ठेवले होते, 'आमच्या वाडीत मी एकटीच शिकलेली, पोरं मलाच बाई म्हणतात'. परत पाठवलं.